मिरची कांडतांना कोनी हसस का? आमच्या मसाल्याच्या व्हिडिओची गोष्ट

आमचा काही मोठा ब्रँड वगैरे नाही. धुळ्यात घरच्या घरी काळा मसाला आणि तिखट करतो, म्हणजे मूळ धंदा सासूबाईंचा, त्या वीसेक वर्षांपासून गल्लीतल्या बायकांना करून देतात, मी फक्त त्याला पाकीट, लेबल, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा नंबर आणि व्हॉट्सॲप कॅटलॉग जोडला. गिऱ्हाईक बरंचसं बाहेरचं, सुरत, नाशिक, पुणे, म्हणजे इकडूनच पोटापाण्यासाठी गेलेले लोक, ज्यांना रविवारी शेवभाजी करायची असते आणि तिकडच्या दुकानातल्या मसाल्याने ती शेवभाजी न होता नुसतं लाल पाणी होतं.

तर दोन वर्षांमागे दिवाळीनंतर ठरवलं की आता फोटो पुरे, व्हिडिओची जाहिरात करायची. माझा दीर म्हणाला वहिनी शूटिंगच्या भानगडीत कशाला पडता, स्टॉक फुटेज असतं ना, दुसऱ्याने शूट करून ठेवलेल्या क्लिपा, डाउनलोड करायच्या, आपला लोगो टाकायचा, झालं. मला पटलं. पेक्सेल्स, पिक्साबे असल्या ठिकाणी फुकट मिळतात आणि धंद्यासाठी वापरायला पण चालतात, हे पण खरं आहे. एका संध्याकाळीत चाळीस सेकंदांचा व्हिडिओ तयार केला. लाल मिरच्यांचा ढीग, खलबत्त्यात मसाला कुटणारी एक छान साडीतली बाई, वाफ निघणारी भाजी, शेवटी आमचं पाकीट. खर्च शून्य. मी तर खूश होते.

रात्री जेवताना सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा पाहिला आणि त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, "हाई कोनी मिरची शे? आपली नही." म्हणजे ही कुणाची मिरची, आपली नाही. मी म्हटलं आई, मिरची ती मिरची. तर म्हणे, "आनि ती बाई हसी ऱ्हायनी. मिरची कांडतांना कोनी हसस का वं? डोयामा तिखट गये म्हंजे समजी."

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण नंतर क्लिप पुन्हा पाहिली तर खरंच, बाईच्या हातावर ताजी मेंदी, बांगड्या अशा की कांडप सोडा, लग्नात पण कोणी एवढ्या घालत नाही, खलबत्त्यात काय तर हिरवं काहीतरी, आणि ती कॅमेऱ्याकडे पाहून गोड हसतेय. मिरच्या पण लांबसडक चकचकीत, आपल्याकडची वाळलेली मिरची अशी चकचकीत कधी असते का. तरी टाकला व्हिडिओ. दोन-तीन जणांनी विचारलं की ताई मिरची बदलली का. ते पण एकवेळ चाललं असतं.

मग पंधरा दिवसांनी सुरतच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी. एक आमच्या जाहिरातीचा, दुसरा जळगावकडच्या एका मसालेवाल्याचा. तीच बाई, तीच मेंदी, तेच हसू. खाली लिहिलेलं, "ताई, ही दोन्हीकडे कामाला आहे का?"

मला इतकं लाजल्यासारखं झालं की विचारू नका. चूक त्या मसालेवाल्याची पण नाही, त्यानेही माझ्यासारखंच फुकट डाउनलोड केलं असणार. स्टॉकचं गणितच तसं आहे, ती क्लिप तुम्हाला वापरायला मिळते, एकट्याच्या मालकीची होत नाही, उद्या तीच बाई साबणाच्या जाहिरातीत पण हसेल. रॉयल्टी फ्री म्हणजे फुकट असं मी समजत होते, तर तसंही नाही, त्याचा अर्थ एकदा पैसे भरले की दर वापराला वेगळे द्यायचे नाहीत, एवढाच.

मग वाटलं फुकटचं सगळे वापरतात, आपण पैसे देऊन चांगलं घेऊ. शटरस्टॉक, अडोबी स्टॉक, आयस्टॉक सगळं पालथं घातलं, दोन रात्री त्यात गेल्या. एकेक क्लिप घ्यायची तर साधी एचडी पण हजारांत, ४के तर त्याहून महाग, महिन्याचं पॅकेज घेतलं तर थोडं परवडतं पण मग महिनाभर दुसरं काय डाउनलोड करायचं हा प्रश्न. आणि गंमत म्हणजे वरून घेतलेली एक अप्रतिम क्लिप सापडली, मैदानभर लाल मिरची पसरलेली आणि मधे बायका ओळीने बसलेल्या. मी म्हटलं हे तर आपलं नंदुरबार! माहिती वाचली तर बांगलादेश. दुसरी एक सापडली ती भारतातलीच होती, चेहरे खरे, कपडे खरे, पण खाली लिहिलेलं 'फक्त संपादकीय वापरासाठी'. म्हणजे बातमीत, लेखात चालेल, जाहिरातीत नाही, कारण त्या लोकांकडून जाहिरातीत दिसायची लेखी परवानगी घेतलेली नसते. ज्या क्लिपांना ती परवानगी असते त्यात मॉडेल असतात, आणि मॉडेल हसतात. म्हणजे फिरून तिथेच.

दिराने मधेच एआयने पण एक करून आणला. त्यात मिरची कांडता कांडता सिमला मिरची झाली. तो विषय तिथेच संपला.

मग दुसऱ्या टोकाला गेलो. एका मोठ्या शहरातल्या एजन्सीला फोन केला, नाव घेत नाही, माणसं बोलायला फार चांगली होती. त्यांनी कोटेशन पाठवलं एक लाख पंच्याऐंशी हजार, वर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे दोन लाख अठरा हजार तीनशे. त्यात दोन दिवसांचं शूट, एक मॉडेल, मेकअप, पदार्थ सजवणारा माणूस वेगळा, लाइट, एडिटिंग, आणि साठ सेकंदांचा एक व्हिडिओ. एक! आमची सीझनमधली महिन्याची उलाढाल तेवढी होते, नफा नाही, उलाढाल. आमच्या ह्यांनी कोटेशन पाहिलं आणि काही न बोलता पंखा वाढवला.

पैशापेक्षा मला खटकलं ते स्क्रिप्ट. सकाळची कोवळी उन्हं, सून चुलीजवळ, सासू मायेने पाहतेय, सून मसाल्याचा वास घेते आणि डोळे मिटून हसते. परत हसणं! म्हणजे दोन लाख देऊन पण तीच स्टॉकमधली बाई, फक्त आमच्यासाठी वेगळी आणलेली. स्वतःचं शूट म्हणजे आपोआप आपलं वाटणारं शूट असा माझा समज होता, तो तिथे मोडला. शूट करणाऱ्याच्या डोक्यात जर स्टॉकचंच चित्र असेल तर कॅमेरा धुळ्यात आणून पण ते धुळ्याचं होत नाही.

शेवटी आमच्याच भागातला लग्नाचं शूटिंग करणारा एक दादा गाठला. त्याला पत्रिकेतल्या तारखा सोडून काम पाहिजेच होतं. ठरलं असं की एक दिवस शूट, एक पंचेचाळीस सेकंदांचा व्हिडिओ आणि आठ उभ्या रील, बावीस हजार, ड्रोनचे चार हजार वेगळे.

आता हा पैसा लावायचा कुठे, हे ठरवायला मी एक वही घेऊन बसले आणि व्हिडिओत काय काय दिसायला पाहिजे ते सगळं लिहिलं, आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न, हे खोटं असेल तर आपल्या गिऱ्हाइकाला कळेल का? मिरची, कळेल. कांडप, आवाजावरून पण कळेल. शेवभाजीची तर्री, अरे लगेच कळेल, तो तर त्याच्यावरच वाढलाय. लवंग, वेलची, दालचिनी? नाही कळणार, ते आपल्याकडे पिकतच नाही, मिऱ्याचा वेल दाखवायला मी काय केरळात जाऊ का. पार्सलवर टेप लावतानाचे हात, ट्रक, हायवे, ढग, ते कोणाचेही चालतील. असं करत निम्मी यादी स्टॉकलाच गेली आणि शूट करायच्या फक्त पाच गोष्टी उरल्या. हे एजन्सीवाल्यांनी पण सांगायला पाहिजे होतं खरं तर, पण ते कशाला सांगतील.

पाचातली पहिली नंदुरबारची मिरची. नंदुरबार १९९८ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात होतं, आणि सासूबाई मिरची तिथूनच आणतात. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, तिथे बाजारात ओली लाल मिरची येते, व्यापारी ती विकत घेऊन गावाबाहेर उघड्या जमिनीवर सुकायला पसरतात, त्याला पथारी म्हणतात, आणि थंडीच्या दिवसांत त्या पथाऱ्यांवर लांबपर्यंत नुसतं लाल दिसतं. अवकाळी पाऊस आला की व्यापाऱ्याचा जीव तिथे टांगणीला. एका ओळखीच्या व्यापाऱ्याला सासूबाईंनीच फोन केला आणि जानेवारीतला एक दिवस ठरला.

पहाटे साडेचारला निघालो, कडाक्याची थंडी, दादा गाडीत सांगत होता की ऊन वर यायच्या आत पोचलं पाहिजे, कारण दुपारच्या उन्हात लाल रंग कॅमेऱ्यात फाटतो. फाटतो म्हणजे काय ते मला तिथे कळलं. लाल इतका भडक येतो की एकेक मिरची दिसतच नाही, तिच्या सुरकुत्या, देठ काही नाही, नुसता लाल पेंट सांडल्यासारखा पट्टा. त्याने उजेड थोडा कमी घेतला, तिरपं ऊन पाठीमागून येईल असं उभं राहिला, तेव्हा मिरचीला कडा दिसायला लागल्या. त्या एका क्लिपला चाळीस मिनिटं गेली असतील पण ती क्लिप आजही पाहिली की सासूबाई म्हणतात, "हाई आपली."

मग ड्रोन. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला नॅनो म्हणतात आणि तो उडवायला पायलटचं लायसन लागत नाही, हे दादाने मला मोठ्या रुबाबात समजावून सांगितलं. वरून सुरेख दिसत होतं. मग त्याला वाटलं की खालून, अगदी मिरचीवरून सरसर घेऊन जाऊ. ड्रोन खाली आला, त्याच्या पात्यांच्या वाऱ्याने सुकलेली मिरची आणि बी आणि सगळी तिखट धूळ अशी उडाली की पुढची दहा मिनिटं तिथलं प्रत्येक माणूस शिंकत होतं. दादा शिंकतोय, ड्रोन हवेत डुलतोय, व्यापारी लांबून हातवारे करत ओरडतोय, आमचे हे डोळे चोळत गाडीत जाऊन बसले. फक्त देठ खुडणाऱ्या बायका शांत बसलेल्या, कारण त्यांच्या तोंडाला फडकं आधीच बांधलेलं होतं. त्यातली एक म्हणाली, "आम्ही रोज असंच बसतो."

त्या बायकांचं पण सांगायला पाहिजे. स्टॉकच्या 'संपादकीय' क्लिपमुळे मला परवानगीची अक्कल आलेली होती, म्हणून मी घरूनच मराठीत एक साधा कागद टाइप करून नेला होता, तुमचं चित्रीकरण आमच्या मसाल्याच्या जाहिरातीत वापरू का, एवढंच. वाचून दाखवला. नऊ जणी हो म्हणाल्या, दोघी नाही म्हणाल्या, त्या बाजूला जाऊन बसल्या. एकीने सांगितलं चेहरा नको, हात घ्या. ज्यांनी हो म्हटलं त्यांना तीनशे तीनशे रुपये दिले कारण आमच्या नादात त्यांचं काम खोळंबलं होतं. दादाला वाटत होतं की फडकी काढली तर चेहरे छान येतील. मी नाही म्हटलं. मिरचीत बसणारी बाई फडक्याशिवाय बसत नाही, हे आमचं गिऱ्हाईक ओळखतं. आणि खरं सांगायचं तर शिंकून शिंकून माझ्याच तोंडाला तोवर ओढणी बांधलेली होती.

दुपारी परत धुळ्याला येऊन कांडपच्या शेडमधे शूट. तिथे वेगळीच पंचाईत. दादाच्या कॅमेऱ्यावर लग्नाच्या स्लो मोशनचं सेटिंग होतं, आणि शेडमधे जुन्या ट्यूबलाइट. स्क्रीनवर काळे पट्टे वरून खाली सरकताना दिसायला लागले. त्याला वाटलं कॅमेरा गेला, मिरची आत शिरली. मग त्याने कोणाला तरी फोन केला तेव्हा उलगडलं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर असली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते, आपल्या डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याचा शटर त्या हिशोबात बसला नाही की पट्टे येतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवला, पट्टे गायब. गंमत म्हणजे हीच गोष्ट नंतर एडिटिंगला पण नडली, बाहेरून घेतलेल्या स्टॉक क्लिपा बऱ्याच २४ नाहीतर ३० फ्रेमच्या, त्या आमच्या २५ मधे बसवल्या की ट्रक जाता जाता हलकासा अडखळल्यासारखा दिसतो. दोन क्लिपा त्यामुळेच बदलल्या.

सासूबाई कॅमेऱ्यासमोर यायला तयारच नव्हत्या. "मी काय नाटकमा काम करस का? तुले काय काढनं शे ते काढ, मी मन्हं काम करस." आणि त्या खरंच काम करत राहिल्या, धने भाजले, तीळ भाजले, दगडफूल निवडलं, एकदा पण वर पाहिलं नाही. दादा म्हणतोय आजी जरा इकडे, आजींचं लक्ष कढईत. खोबरं करपायला आलं होतं म्हणून त्यांनी कॅमेरावाल्यालाच हाताने बाजूला सारलं, तो हात पण आलाय क्लिपमधे. शेवभाजी मीच केली, तर्री वर येईपर्यंत तीनदा करावी लागली, त्या दिवशी शेजारच्या चार घरांत शेवभाजी गेली.

सगळ्यात जास्त वाद झाला तो रॉ फुटेजवरून. दादा म्हणे एडिट केलेलं देतो, कच्चं कोणी देत नाही. मी माझ्या मावसभावाला विचारलं, तो वकिली करतो, तो म्हणाला की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ पाहा, पैसे देऊन आपल्यासाठी करून घेतलेल्या चित्रीकरणाचा पहिला मालक पैसे देणारा असतो, पण वेगळा करार केला असेल तर तो करार चालतो, म्हणून भांडत बसू नको, कागदावर लिहून घे. लिहिलं. दोन हजार जास्तीचे आणि हार्ड डिस्क आमची. आज मला वाटतं की पूर्ण व्यवहारात सगळ्यात शहाणपणाचे पैसे तेच होते, कारण व्हिडिओ झाला पंचेचाळीस सेकंदांचा आणि कच्चं होतं पावणेतीन तास, त्यातून मी वर्षभर रील काढतेय. म्हणजे आमचा स्वतःचा स्टॉकच झाला तो.

एकूण खर्च सांगते, लपवण्यासारखं काही नाही. शूट बावीस, ड्रोन चार, बायकांचे सत्तावीसशे, कच्च्या फुटेजचे दोन हजार, पेट्रोल-जेवण बत्तीसशे, म्हणजे तेहेतीस हजार नऊशे. हार्ड डिस्क घरात होती. स्टॉकच्या क्लिपा फुकटातल्याच घेतल्या, पण या वेळी कुठे 'आमचं शेत' 'आमचा मळा' असं काही लिहिलं नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल जून २०२२ मधे केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणाचे नियम आलेले आहेत, पण नियम नसते तरी मिऱ्याचा वेल दाखवून तो आमचा म्हणायची माझी छाती झाली नसती, घरात सासूबाई आहेत.

एक चूक मात्र झालीच. पहिल्या रीलला दिराने ट्रेंडिंग गाणं लावलं, आणि बिझनेस अकाउंटला ती गाणी चालत नाहीत, त्यामुळे रीलचा आवाजच गायब झाला. मग मी म्हटलं गाणं नकोच, कांडपचा आवाज ठेवा, तो धाड धाड, तसाच. दादाचा माइक साधाच होता, आवाज जरा फाटलाय, पण ठेवला.

आता फरक काय पडला ते. खरं सांगू तर क्लिक जवळपास तेवढेच. हसणाऱ्या बाईच्या जुन्या जाहिरातीला पहिल्या आठवड्यात उलट थोडे जास्तच आले होते, ती दिसायला छान होती ना. फरक पडला तो व्हॉट्सॲपवर. आधी मेसेज यायचे, रेट काय, होम डिलिव्हरी आहे का, ओरिजिनल आहे का. त्यातलं ओरिजिनल आहे का हे जवळजवळ बंद झालं. आता विचारतात, मिरची या वर्षी कोणती घेतली, शंकेश्वरी किती टाकता, आमची मिरची पाठवली तर कांडून द्याल का. पुण्याहून एका काकांनी कांडपच्या आवाजाची रील तीनदा ऐकली म्हणून सांगितलं आणि दोन किलो तिखट घेतलं, आणि वर सल्ला पण दिला की सूनबाई खोबरं अजून थोडं भाजत जा.

ड्रोनची क्लिप सगळ्यांना आवडते, तर मागच्या महिन्यात एका लोणचेवाल्यांचा फोन आला, तुमची ती वरून घेतलेली पथारीची क्लिप आम्हाला जाहिरातीला मिळेल का, पैसे देतो. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या पथारी काय आपल्या बापाची आहे का, जाऊन काढा म्हणावं. मला वाटतं द्यायला हरकत नव्हती, पण त्या बायकांच्या कागदावर मी फक्त आमच्या मसाल्याच्या जाहिरातीसाठी असं लिहून घेतलेलं होतं, त्यामुळे तसंही देता आली नसती. पथारीवाल्याचा नंबर दिला त्यांना.

या जानेवारीत परत जायचंय, फापडा मिरचीचं शूट राहिलंय. दादाच्या लग्नाच्या तारखा आल्यात म्हणून मधला एक मंगळवार पकडलाय. व्यापाऱ्याने या म्हणून सांगितलंय, फक्त ते उडतं यंत्र पथारीपासून लांब ठेवा म्हणाला.